भाई कोतवाल: मुंबईची वीज कुठून येते हे ओळखणारा माथेरानचा वकील

दादर पश्चिमेला प्लाझा थिएटरसमोर एक बाग आहे, वीर कोतवाल उद्यान. मित्राची वाट बघत मोबाईल स्क्रोल करणारे कितीतरी जण तिथे रोज दिसतात. ही बाग कोणाच्या नावाची आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आज त्यांच्याबद्दलच वाचूया. आणि हो, ही टेक्नॉलॉजीचीच वेबसाईट आहे, तुम्ही चुकीच्या लिंकवर आलेला नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, मूळचा मुरबाड तालुक्यातला. सध्या नोकरी सांभाळून नेटवर्क आणि इन्फर्मेशन सिक्युरिटीत एम.टेक. करतोय. आमच्या अभ्यासक्रमात क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चर नावाचा एक भाग आहे. वीज, पाणी, रेल्वे, बँका अशा ज्या यंत्रणा बंद पडल्या की अख्खं शहर ठप्प होतं, त्यांचं संरक्षण कसं करायचं, हे त्यात शिकवतात. उदाहरणं सगळी बाहेरची असतात: युक्रेनची वीज कंपनी, इराणचा अणुप्रकल्प, अमेरिकेतली पाईपलाईन. ती वाचताना मला सारखे भाई कोतवाल आठवायचे. मुंबईची वीज कुठून येते आणि ती वाटेत कुठे अडवता येते, हा हिशोब आमच्याकडच्या डोंगरात १९४२ सालीच मांडून झाला होता. तो मांडणारा माणूस शेवटी पोलिसांच्या हाती कसा लागला, हेही सिक्युरिटीच्या विद्यार्थ्याने नीट वाचावं असं आहे.

माथेरानचा मुलगा

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक समाजातल्या एका साध्या घरात झाला. माथेरान म्हणजे तेव्हा गोऱ्या साहेबांचं आणि मुंबईच्या शेठ लोकांचं थंड हवेचं ठिकाण. १९०७ पासून नेरळहून छोटी गाडी वर जाऊ लागली होती. पाहुणे बंगल्यात राहायचे, आणि त्यांची कामं करणारी माणसं डोंगरावरच्या नाहीतर पायथ्याच्या वाड्यांमधून यायची. ही दोन्ही जगं विठ्ठलने लहानपणापासून एकाच रस्त्यावर बघितली.

पोरगं हुशार होतं. शिकायला पुण्याला गेलं आणि पुढे कायद्याची पदवीही घेतली. त्या काळात गावाकडच्या नाभिक कुटुंबातला मुलगा वकील होतो ही केवढी मोठी गोष्ट होती, ते वेगळं सांगायला नको. शहरात बस्तान बसवून आरामात वकिली करता आली असती. पण ते माथेरान, नेरळ, कर्जत या आपल्याच पट्ट्यात काम करत राहिले. १९४१ मध्ये माथेरान नगरपालिकेचे उपनगराध्यक्ष झाले. लोक त्यांना भाई म्हणू लागले आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

भाईंचं नाव काढलं की सगळे थेट टॉवर पाडण्यावर येतात. मला त्याआधीचं त्यांचं एक काम जास्त महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे धान्यकोठी.

त्या वेळची अडचण अशी होती: पावसाळा सुरू झाला की शेतकऱ्याच्या आणि आदिवासीच्या घरातलं धान्य संपलेलं असायचं. शेतात तर राबायचंच, पण खायला काही नाही. मग सावकाराकडून धान्य उचलायचं आणि सुगी आली की वाढीव माप भरून परत करायचं. पीक घरात यायच्या आधीच त्यातला मोठा वाटा सावकाराचा झालेला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. भाईंनी शेतकऱ्यांनाच एकत्र करून धान्याचा सामाईक साठा उभा केला. गरज पडली की तिथून घ्यायचं, सुगीला तिथेच परत भरायचं, म्हणजे सावकाराच्या ओसरीवर जायची वेळच येत नाही.

नेटवर्कच्या भाषेत याला आम्ही सिंगल पॉईंट ऑफ फेल्युअर काढून टाकणं म्हणतो. सगळं गाव एकाच सर्व्हरवर अवलंबून असेल, तर तो सर्व्हर ज्याच्या ताब्यात त्याच्या मनमानीवर गाव चालतं. धान्यकोठी म्हणजे दुसरा मार्ग, आणि तोही लोकांच्या मालकीचा. कोठीच्या जोडीला भाईंनी गावोगावी ऐच्छिक शाळाही सुरू केल्या. सावकाराच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचता यावं, एवढं जरी साधलं तरी खूप होतं. पुढे १९४२ मध्ये जी माणसं भाईंच्या मागे जंगलात गेली, त्यात शेतकरी होते आणि या शाळांमधले शिक्षकही होते. म्हणजे दस्ता एका रात्रीत जमला नाही, आधी काही वर्षं विश्वास जमत गेला होता.

लाखभर व्होल्टची लाईन

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर भारत छोडोचा ठराव झाला. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून मोठे नेते तुरुंगात गेले. वरून आदेश देणारं कोणी उरलं नाही, तेव्हा ठिकठिकाणच्या लोकांनी आपापल्या परीने लढायचं ठरवलं. साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. कर्जत-मुरबाडच्या डोंगरात भाईंनी भूमिगत होऊन आझाद दस्ता उभा केला. साधारण ५० माणसं.

५० माणसं इंग्रज सरकारचं काय वाकडं करणार? समोरासमोर तर काहीच नाही. इथे भाईंची नजर कामाला आली.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कशावर चालायच्या, ते बघू. टाटांनी सह्याद्रीत धरणं बांधून पाण्यावर वीज तयार करायला सुरुवात केली होती. खोपोलीचं वीजघर १९१५ मध्ये सुरू झालं, कर्जत तालुक्यातलं भिवपुरी १९२२ मध्ये आणि भिरा १९२७ मध्ये. घाटावरचं पाणी पाईपातून खाली सोडायचं, त्यावर टर्बाईन फिरवायचं आणि तयार झालेली वीज तारांवरून मुंबईला पाठवायची. एवढ्या लांब वीज पाठवायची तर व्होल्टेज खूप वाढवावं लागतं. व्होल्टेज दहापट केलं की तेवढ्याच विजेसाठी करंट दहापट कमी लागतो. तारेत उष्णतेमुळे होणारी गळती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती शंभरपट घटते. म्हणून लाखभर व्होल्टच्या त्या लाईन्स, आणि त्या जमिनीपासून उंच धरायला लोखंडी टॉवर.

आता तुम्ही हल्ला करणाऱ्याच्या जागी बसून बघा. वीजघराला कुंपण आणि पहारा. शहरातलं सबस्टेशन वस्तीत, तिथेही पहारा. पण दोघांच्या मधली लाईन? ती मैलोन् मैल रानातून, ओढ्यांवरून, टेकड्यांवरून जाते. एकेका टॉवरपाशी शिपाई उभा करायला कुठल्याच सरकारला परवडत नाही. आणि एक टॉवर आडवा झाला तरी पूर्ण लाईन बंद.

सप्टेंबर ते नोव्हेंबर १९४२ या काळात आझाद दस्त्याने असे ११ टॉवर पाडले. त्यांचे लोखंडी पाय कापून, रात्रीच्या अंधारात. मुंबईकडे जाणारी वीज खंडित झाली, गिरण्या आणि रेल्वे यांच्या कामाला फटका बसला. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि मुंबईच्या गिरण्यांमधून लष्करासाठी कापड जात होतं. त्यामुळे हा दणका वर्दीतल्या कुणाला गोळी घालण्यापेक्षा सरकारला जास्त झोंबला असणार.

इन्फर्मेशन सिक्युरिटीच्या पहिल्याच लेक्चरला तीन शब्द शिकवतात: गोपनीयता, अचूकता आणि उपलब्धता. पहिल्या दोनबद्दल आपण रोज ऐकतो. डेटा चोरीला गेला, फोटो मॉर्फ केला, खात्यातला आकडा बदलला, वगैरे. उपलब्धतेकडे मात्र लक्ष कमी जातं, कारण तिथे काहीच चोरीला जात नाही. सेवा बंद पडते, बस्स. भाईंनी सरकारचं एकही गुपित फोडलं नाही, त्यांनी थेट उपलब्धतेवर घाव घातला.

पडघ्याची लाईन, युक्रेनचा ईमेल

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागेवर थांबल्या, ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. बिघाड कळवा-पडघे भागातल्या ४०० केव्हीच्या लाईन्सवर झाला होता. हे पडघे म्हणजे आपल्या शहापूरला जाताना नाशिक हायवेवर लागतं तेच. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी यामागे सायबर घातपात असू शकतो असं सायबर सेलच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं. केंद्राच्या ऊर्जामंत्र्यांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांच्या मते ती मानवी चूक होती, सायबर हल्ला नाही. कारण काहीही असो, मुंबईची वीज आजही ठाणे जिल्ह्यातल्या मोजक्या वाटांनी जाते, हे त्या दिवशी सगळ्यांना समजलं.

युक्रेनमध्ये मात्र शंकेला जागा राहिली नाही. २३ डिसेंबर २०१५ ला तिथल्या तीन वीज वितरण कंपन्यांवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. हल्लेखोर आत घुसले ते एका साध्या ईमेलमधून. कर्मचाऱ्याने अटॅचमेंट उघडली, मालवेअर बसलं, काही महिने त्यांनी आतूनच सगळी यंत्रणा समजून घेतली आणि ठरल्या दिवशी ब्रेकर बंद केले. कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर प्रत्यक्ष जाऊन हाताने ब्रेकर चालू केले तेव्हा वीज परत आली. १९४२ मध्ये टॉवरपर्यंत चालत जावं लागायचं, आता स्क्रीनसमोर बसून तेच करता येतं. म्हणूनच भारत सरकारने २०१४ मध्ये अशा यंत्रणांच्या संरक्षणासाठी एनसीआयआयपीसी ही स्वतंत्र संस्था स्थापन केली.

मुद्दा आला आहे तर एक स्पष्ट सांगतो, कारण आपले वाचक बरेचसे कॉलेजमधले आहेत. भाई परकीय सरकारशी लढत होते आणि त्याची किंमत त्यांना माहीत होती. आज कुणी कॉलर टाईट करायला वीज मंडळाच्या किंवा धरणाच्या सिस्टीममध्ये घुसून बघितलं, तर आयटी कायद्याच्या कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे. शिकायचं असेल तर स्वतःच्या लॅबवर शिका, आणि दुसऱ्याची सिस्टीम तपासायची तर आधी लेखी परवानगी घ्या.

आणि शिकाच. शहापूर-मुरबाडच्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगतो. आपल्या तालुक्यांमधून काय काय जातं ते बघा: हाय टेन्शन लाईन्स, रेल्वे, तानसा आणि भातसाचं पाणी नेणाऱ्या मुंबईच्या पाईपलाईन्स. मे महिन्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर येतो आणि शेजारच्या धरणातलं पाणी मुंबईला जातं, हे दुखणं आहेच आणि त्यावर बोललंही पाहिजे. पण या यंत्रणांचे व्हॉल्व्ह आणि ब्रेकर आता कॉम्प्युटरवरून चालतात, आणि ते सांभाळणारे लोक हवे आहेत. इंजिनिअरिंगनंतर गेट परीक्षा देऊन एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर मान्यताप्राप्त कॉलेजात महिना १२,४०० रुपये स्टायपेंडची सोय आहे. अभ्यासात क्रिप्टोग्राफी, नेटवर्क सिक्युरिटी, डिजिटल फॉरेन्सिक्स, जोखीम व्यवस्थापन असं बरंच असतं. माझं मत विचाराल तर सगळ्यात कमी गर्दी औद्योगिक यंत्रणांच्या सुरक्षेत आहे. सगळ्यांना ॲप हॅक करायचं असतं, पंपिंग स्टेशनकडे कोणी बघत नाही.

सिद्धगड

परत भाईंकडे येऊ. टॉवर पडायला लागल्यावर सरकार गप्प बसणार नव्हतं. पकडून देणाऱ्याला बक्षीस लागलं, खास पोलीस पथक मागावर सोडलं. दस्त्यासाठी पट्टा अरुंद होत गेला आणि भाई काही सोबत्यांसह मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या जंगलात आले.

ही जागा ज्याने बघितली आहे त्याला ती का निवडली असेल हे लगेच कळेल. भीमाशंकरच्या रांगेला चिकटलेला उंच डोंगर, दाट झाडी, मधल्या माचीवर वाडी, आणि वर यायच्या वाटा अगदी थोड्या. आमच्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल उत्तम. बाहेरच्या माणसाला नुसतं शोधत शोधत तिथे पोचणं अवघड होतं.

पण जंगलातला माणूस जगापासून पूर्ण तुटून राहू शकत नाही. भाकरी लागते, बातमी लागते, पैसा लागतो, निरोप पोचवणारा लागतो. म्हणजे कितीही बंद केलं तरी काही दारं उघडी ठेवावीच लागतात, आणि त्या प्रत्येक दारात एक माणूस उभा असतो ज्याच्यावर तुम्ही विश्वास टाकलेला असतो. भाईंचा ठावठिकाणा फुटला तो फितुरीने. पोलिसांनी डोंगर न् डोंगर पालथा घालून तो शोधला नाही.

आम्ही याला इनसायडर थ्रेट म्हणतो. पूर्ण अभ्यासक्रमातलं हे सर्वात अवघड प्रकरण आहे असं मला वाटतं, कारण यावर गणिती उत्तर नाही. एन्क्रिप्शन मजबूत करता येतं, पासवर्ड लांब करता येतो, पण ज्याच्याकडे किल्ली आहे तोच दार उघडून देत असेल तर कुलूप काय करणार? मुंबईच्या काँग्रेस रेडिओचंही असंच झालं होतं. ते लोक पकडले जाऊ नयेत म्हणून ट्रान्समीटरची जागा सारखी बदलायचे. तरी १२ नोव्हेंबर १९४२ ला धाड पडली, आणि तिथेही माहितीतल्याच तंत्रज्ञाकडून पत्ता फुटला होता. तुमच्या-आमच्या फोनवर हेच छोट्या प्रमाणात रोज घडतं. ओटीपी बँकेच्या सर्व्हरमधून चोरणं फार कठीण, पण फोनवर गोड बोलून तुमच्याकडूनच काढून घेणं सोपं.

यावर उपाय म्हणून आज लीस्ट प्रिव्हिलेज हे तत्त्व वापरतात: ज्याला कामापुरती जेवढी माहिती लागते तेवढीच त्याला द्यायची, म्हणजे एक जण फुटला तरी सगळं उघडं पडत नाही. दुसरं झिरो ट्रस्ट: आतला आहे म्हणून कोणालाही आपोआप खरं मानायचं नाही, प्रत्येक वेळी तपासायचं. कंपनीत हे ठीक आहे. पण भाईंच्या दस्त्यात ते जमलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. धान्यकोठी आणि शाळा ज्या विश्वासावर उभ्या राहिल्या, त्याच विश्वासावर ५० माणसं घरदार सोडून रानात आली होती. प्रत्येकाकडे संशयाने बघणाऱ्या माणसामागे ती आली असती असं मला वाटत नाही. भाईंना ही जोखीम दिसत नव्हती असंही नाही, ते वकील होते, पोलिसांची पद्धत त्यांना ठाऊक असणार. त्यांनी ती पत्करली.

२ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलीस अधिकारी हॉल आपल्या तुकडीसह सिद्धगडाच्या जंगलात पोचला. दस्ता बेसावध सापडला. गोळीबारात मानिवलीच्या गोमाजी पाटलांचा मुलगा हिराजी पाटील आणि भाई कोतवाल दोघंही मारले गेले. भाईंना ३० वर्षं पूर्ण होऊन जेमतेम एक महिना झाला होता. माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठे.

सिद्धगडला या दोघांचं हुतात्मा स्मारक आहे आणि दरवर्षी २ जानेवारीला तिथे मुरबाड, कर्जत, नेरळ, माथेरानकडून माणसं येतात. जायचं असेल तर मुरबाडहून म्हशाच्या रस्त्याने नारिवली गाठायची, तिथून पुढे चालत. थंडीचे दिवस बरे, पावसाळ्यात वाट निसरडी असते. निघायच्या आधी मॅप ऑफलाईन डाउनलोड करून ठेवा, वर रेंजचा भरवसा नाही.